रेग ट्रोमन्सच्या दोन मेखा

रेग ट्रोमन्सला मोटार चालवता येई, पण तो चालवत नसे. एक खुबा लोखंडाचा बसवलेला, दुसरा त्याच वाटेवर. तरी इंग्लंडातल्या क्रॅडली हीथपासून डडलीच्या टेकडीपर्यंत जुन्या मोटारी पाळणारे लोक म्हणत, गाडी किती पळतेय हे इंजिनाला माहीत नसतं, ते रेगला माहीत असतं. घराच्या मागल्या अंगाला धुण्याची खोली होती. बायको वारली, धुणं बाहेर जायला लागलं, आणि त्या खोलीत दुरुस्तीचे स्पीडोमीटर आले. फळीवर ते उताणे पडलेले असायचे, बाजारातल्या माशांसारखे, डोळे उघडे ठेवून.

बत्तीस वर्षं त्यानं कारखान्यात हेच काम केलं होतं. कारखाना बंद पडला त्या दिवशी साहेबानं हातात एक घड्याळ ठेवलं. रेगनं आठवडाभरात ते खोलून बघितलं, आतला माल हलका निघाला, तेव्हापासून ते शेंगदाण्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसलं होतं. माणूस असाच. कुणी चांगलं म्हटलं तरी तो आधी मागचं झाकण उघडायचा.

पण त्याची खरी मिरास घरामागच्या गल्लीत होती. दोन मेखा. त्याचा बाप जोब साखळ्या घडवणारा, भट्टीपुढं उभा आडवा भाजलेला गडी. पोराला मीटरच्या कारखान्यात चिकटवलं तेव्हा त्यानं पैशाएवढ्या डोक्याच्या दोन मेखा घडवल्या आणि खाणीतली पोलादी टेप मागून आणून गल्लीत ठोकल्या. मधलं अंतर बावन्न फूट साडेनऊ इंच आणि वर एक केस. मैलाचा बरोबर शंभरावा भाग. लोखंड उन्हात वाढतं म्हणून त्यानं थंडीच्या सकाळी मापलं आणि तीनदा मापलं. गाडी एका मेखेपासून दुसरीपर्यंत ढकलत न्यायची, तेवढ्यात मीटरची केबल किती वेळा फिरली ते मोजायचं, पुढं दोन शून्यं द्यायची. झाला मैलाचा हिशोब. मीटर त्या आकड्याला जुळवला की काटा खोटं बोलत नाही. हे रेगनं इतक्यांदा केलं होतं की मेखांवर शंका घेणं म्हणजे बापाच्या तोंडाला दारूचा वास येतो का बघण्यासारखं झालं असतं.

मॅविस रेबोल्ड त्याच्याकडं आली ती सप्टेंबरातल्या एका सोमवारी. सत्तरीला टेकलेली, शिडशिडीत बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव फिरवल्यामुळं हात बळकट आणि जीभ त्याहून बळकट. तिच्या नवऱ्याची, हॉवर्डची, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी होती, बाटलीसारखी हिरवी, कुत्र्याएवढी उंच. हॉवर्डनं ती स्क्रू-स्क्रू करत उभी केली होती. दोन वर्षांमागं त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि तो ब्युडलीच्या वृद्धाश्रमात जाऊन पडला. दर रविवारी चॅपलमधली प्रार्थना सुटली की मॅविस काळे वाटाणे आणि बेकनचं झाकलेलं ताट घेऊन तिकडं जाई. हॉवर्डला उचलून गाडीत बसवी आणि नदीकाठानं तासभर फिरवून आणी. गाडीत बसला की हॉवर्ड शिव्या द्यायला लागे, गिअर असा टाकतात का, क्लच जाळतीस का. खोलीत तो कुणाशी अक्षर बोलत नसे. शिव्या देतोय तोवर नवरा शाबूत आहे, एवढंच मॅविस धरून होती.

आणि आता तेच जायची वेळ आली होती. तिच्या भाच्यानं गाडीचा जुना गिअरबॉक्स काढून नव्या गाडीतला पाच गिअरचा बसवला होता. गाडी लोण्यासारखी चालायला लागली, पण त्या गिअरबॉक्सला केबल लावायला भोकच नव्हतं. मीटर मेला. मॅविस आवाजावरून अंदाजानं चालवायला लागली, आणि नवं इंजिन-गिअर इतकं गप होतं की अंदाज फसत गेला. रस्त्यावरच्या वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी पकडलं आणि दंडाची तीन तपकिरी पाकिटं आली. तीन-तीन करत परवान्यावर दंडाचे नऊ पॉइंट झाले. बाराला परवाना जातो. ती राहायची त्या नेदरटनहून ब्युडलीला रविवारी बस नाही, टॅक्सीवाला मागेल ते तिला झेपणारं नाही, आणि टॅक्सीत बसून हॉवर्डनं शिव्या कुणाला द्यायच्या?

रेगनं आधी नाहीच म्हटलं. आतून शाबूत मीटरचं आतडं काढून त्यात वायरी भरायच्या, हे त्याला मेलेल्या माणसाला कोट घालण्यासारखं वाटे. पण मॅविस उठली नाही. तिनं चहा स्वतःच करून घेतला, त्यालाही दिला, आणि म्हणाली, "रेग, मला मीटर नगं हाय. मला हॉवर्डचा रयवार पायजे. तुला जमत नसंल तर तसं सांग, म्हातारा झालास म्हण, मी बर्मिंगहॅमला जाते."

म्हातारा म्हटल्यावर रेगनं मीटर हातात घेतला.

चार दिवस तो त्याच्या मागं होता. मागच्या चाकांकडं जाणारा दांडा जिथं गिअरबॉक्सला मिळतो तिथं चार बोल्ट असतात. मॅविसच्या भाच्यानं गाडीखाली झोपून रेगच्या सांगण्यावरून तिथं सेन्सर बसवला, बोटाएवढा, चुंबकाचा. बोल्टाचं डोकं समोरून गेलं की तो एक ठोका पाठवतो. मीटरमधलं फिरतं चुंबक, ॲल्युमिनियमची वाटी, केसासारखी स्प्रिंग, सगळं रेगनं काढून एका डबीत घातलं आणि डबीवर मॅविसचं नाव लिहिलं. आत विजेवर चालणारं छोटं यंत्र बसवलं. तबकडी तीच, काटा तोच, मैलांचे आकडे होते तिथंच. बाहेरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटू नये. काटा परत दाबून बसवताना त्याचा नेम चुकला. पूर्वी चुकत नसे. दोनदा तो काटा खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला, बोटं काखेत धरून, थंडी वाजल्यासारखा. तिसऱ्यांदा बसला.

आता एकच काम उरलं. डॅशबोर्डाखाली काडेपेटीएवढा एक डबा असतो. मैलाला किती ठोके, हे त्याला बटणं दाबून सांगावं लागतं. तो आकडा चुकला की सगळं मुसळ केरात.

शुक्रवारी सकाळी गाडी गल्लीत आणली. मॅविस सुकाणूवर बसली. शेजारच्या आयरिस डनचा जावई डॅरेन, रेड्यासारखा गडी, मागून ढकलायला आला. रेग दरवाज्याशी वाकून चालत होता. ठोका आला की लुकलुकणारा एक लाल दिवा त्यानं वायरीला जोडला होता. एक, दोन, तीन. आयुष्यभर त्यानं कागदाचा बाण लावून केबल मोजली, दिवा पहिल्यांदाच. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ऊन दिव्यावर पडत होतं, एक ठोका निसटला तरी चालणार नव्हतं. दुसऱ्या मेखेवर चाक आलं तेव्हा आकडा एकशे पंचावन्न झाला होता. परत ढकलली. परत एकशे पंचावन्न. रेगनं सुस्कारा सोडला. पंधरा हजार पाचशे. बटणं दाबली.

एरवी तो चाकावर खडूची खूण करायचा आणि चाकाच्या फेऱ्याही मोजायचा. त्या दिवशी दिव्याच्या नादात खडू खिशातच राहिला.

मॅविस म्हणाली, भाचीनं तिच्या फोनात काहीतरी घालून दिलंय, वरचा उपग्रह बघतो आणि किती पळतेस ते सांगतो. ताडून बघायचं का? डॅरेन हसला. रेगला ते हसणं लागलं.

"फोन घरला ड्रॉवरात टाक, मॅविस," तो म्हणाला. "आभाळातल्या डबड्याला माझ्या बापाच्या मेखा ठाव न्हाईत. पन्नासाच्या रस्त्याला काटा पन्नासावर ठेव आन् बिनघोर जा. मी सांगतुया."

"तू सांगतुयास म्हंजे झालं," ती म्हणाली, आणि गेली.

शनिवार चांगला गेला. रविवारी दहाच्या सुमाराला रेग मागच्या दारात बसून पावाला चरबी लावत होता, आणि आयरिस आपल्या तीनचाकी बॅटरीच्या गाडीवरून गल्लीतून आली. तिचे गुडघे गेलेले. गाडी कुंपणाला लावून ती कुरकुरायला लागली. विषय डॅरेनचा. त्याच्या व्हॅनसाठी तिचं फाटक रुंद केलं, आता रात्रंदिवस ती व्हॅन तिच्या खिडकीपुढं उभी असते.

"तीन फुटाचं फाटक व्हतं माझं, शहाण्यासारखं," आयरिस म्हणाली. "तू दवाखान्यातनं येऊन वर पडलावतास न्हवं का, जानेवारीत, तवाच त्यानं पल्याडचा खांब उपटला आन् हे एवढं खिंडार केलं."

रेगनं चाकू खाली ठेवला. "पल्याडचा न्हाई. माझ्या बाजूचा खांब हलवला त्यानं."

"तुझ्या बाजूला गॅसचा पाईप हाय. त्यो खांब कसा हलवंल? पल्याडचाच. साडेपाच फूट सरकवला."

रेगनं मान वर करून मागल्या खोलीच्या खिडकीकडं बघितलं.

जानेवारीत तो वरच्या मागल्या खोलीत खुबा सांभाळत पडला होता. पाण्याचा पाईप घालायला खणणारे लोक आले आणि त्यांनी लांबची मेख उपटली. त्यातला मुकादम भला माणूस. त्यानं मेख हातात धरून खालून विचारलं, बाबा, ही कुठं बसवायची? रेगनं खिडकी वर करून, वाऱ्यात डोकं काढून सांगितलं होतं, आयरिसच्या फाटकाचा पलीकडचा खांब आहे ना, बरोबर त्याच्या पायाशी. पन्नास वर्षं ती तिथंच होती. मुकादमानं सांगितलं तसं केलं. वर नवं डांबर आलं, सगळी गल्ली काळी एकसारखी झाली. त्यानंतर गल्लीत गाडी ढकलायची वेळ आली नव्हती. येणारे मीटर तबकडीवर छापलेल्या आकड्याला टेबलावरच जुळत होते. ढकललेली पहिली गाडी मॅविसची.

त्यानं टेप आणली. आयरिसला एका मेखेवर टेपेचं टोक पायानं दाबून धरायला लावलं. आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. अठ्ठावन्न फूट तीन इंच.

हिशोब करायला कागद लागला नाही. साडेपाच फूट जास्त म्हणजे ठोके जास्त मोजले गेले, म्हणजे डब्याला मैल लांब वाटतो, म्हणजे काटा कमी दाखवतो. दहाला एक. काटा पन्नासावर असला की गाडी पंचावन्नच्या वर. बाईनं वळणावर पाय जरा दाबला की सत्तावन्न-अठ्ठावन्न. कॅमेरा दोन-चार मैल पोटात घालतो, सात-आठ घालत नाही. आणि तिनं तर फोन ड्रॉवरात टाकलेला. का, तर रेग ट्रोमन्स म्हणाला.

"काय झालं रं?" आयरिसनं विचारलं. "चुन्यावानी झालायस."

त्यानं मॅविसला फोन लावला. वाजत राहिला. ड्रॉवरात वाजत असणार, चमच्यांशेजारी, हे त्याला लगेच समजलं. सव्वादहा. साडेअकराला चॅपल सुटणार, आणि तिथून ती थेट ब्युडलीच्या रस्त्याला. त्या रस्त्याला दोन कॅमेरे. नेदरटनला बस तासाला एक, नुकतीच गेलेली. टॅक्सीवाल्यानं सांगितलं, रविवार आहे, दीड तास तरी. डॅरेन व्हॅन घेऊन मासे मारायला गेलेला. एरवी ती व्हॅन हलत नाही.

रेग आयरिसच्या तीनचाकीकडं बघायला लागला.

"बगू नगंस तसा," आयरिस म्हणाली. "निम्मीच बॅटरी हाय. आन् गादीवर सांडू नगंस काय."

चॅपल अडीच मैल. त्या गाडीला मीटर नव्हता. एक गोल बटण होतं, त्याच्या एका अंगाला कासव काढलेलं आणि दुसऱ्या अंगाला ससा. रेगनं ससा लावला. जन्मभर लोकांचे वेग जुळवून देणारा माणूस सशावर बसून क्रॅडली हीथच्या हमरस्त्यानं निघाला, मांडीवर टेप, खिशात स्क्रू काढायचं हत्यार. पबच्या दारात खुर्च्या मांडणाऱ्यानं हाक मारली, रेग, शर्यत कुठं हाय? रेगनं बघितलं नाही. तो विजेचे खांब मोजत होता. खांबामागं किती सेकंद लागतात ते तोंडानं मोजून त्यानं ताशी मैल काढले, पाच. पाचनं अर्धा तास. पोहोचतो. पण नेदरटनच्या चढाला ससा दमला. खांबामागचे सेकंद वाढायला लागले. बॅटरीचा हिरवा दिवा गेला, पिवळा आला. रेग अंग पुढं झुकवून बसला, जसं काही वजन पुढं टाकलं की बॅटरी वाढते. चढाच्या मध्यावर गाडी चालत्या माणसापेक्षा हळू झाली. एक बाई कुत्रं घेऊन त्याच्या शेजारून पुढं निघून गेली. कुत्र्यानं मागं वळून बघितलं. तिथं रेग उतरला, खुब्याला शिव्या घातल्या, आणि हँडलाला धरून गाडीबरोबर चालायला लागला. दर पंचवीस पावलांना थांबायला लागत होतं. थांबला की घड्याळ बघायचा, आणि घड्याळ बघितलं की परत निघायचा.

चॅपलपुढं तो अकरा वीसला पोहोचला. आत गाणं चाललेलं. रस्त्याच्या कडेला हिरवी गाडी उभी होती, टप खाली पाडलेलं. नेदरटनमध्ये उघडी गाडी ठेवायला मॅविस भीत नसे. चोरायला कुणी बसलं तर त्याला उठताच येणार नाही, असं ती म्हणायची.

रेग तिथं उभा राहिला तेव्हा ती गोष्ट त्याच्या ध्यानात आली. चढावर त्याला ती सुचली नव्हती. डबा डॅशबोर्डाखाली, हाताच्या अंतरावर. बटणं दाबून आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात. एकशे पंचावन्न ठोके अठ्ठावन्न फूट तीन इंचांत, तर बावन्न साडेनऊला एकशे साडेचाळीस. चौदा हजार पन्नास. दाबायचं आणि आयरिसची गाडी घेऊन उताराला लागायचं. काटा खरा होईल, मॅविस सुखरूप जाईल, आणि बापाच्या मेखा, रेगचा शब्द, सगळं जिथल्या तिथं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं रस्त्याला दोन्हीकडं बघितलं. कुणी नव्हतं.

तो आत घुसला. आधी बूड, मग एक पाय, मग दोन्ही हातांनी उचलून दुसरा. चाबी लागायची गरज नव्हती, डब्याला विजेची स्वतंत्र वायर त्यानंच दिली होती. वाकून, गाल सुकाणूला चिकटवून, त्यानं बटणं दाबली. आकडा बदलला. नीट वाचला. चौदा हजार पन्नास.

आणि मग उठायला गेला तर उठता येईना. खुबा लॉक झाला. हात टेकून जोर केला, हाडात कळ गेली, तो परत आपटला. पुन्हा केला. गाडी नुसती हलली. आत गाणं संपलं.

लोक बाहेर आले. मॅविस एका हातानं टोपी सावरत, दुसऱ्या हातात चॅपलच्या चुलीवर गरम ठेवलेलं हॉवर्डचं ताट घेऊन पायऱ्या उतरली आणि आपल्या गाडीत रेग ट्रोमन्स बसलेला बघून थबकली.

"ह्ये काय रं? बायको पळवायचं वय गेलं म्हून गाडी पळवतुयास व्हय?"

रेगनं तयार ठेवलं होतं ते बोलायला सुरुवात केली. एक वायर सैल राहिली असं रात्री वाटलं, म्हणून म्हटलं जाता-जाता बघावं. मॅविसचा चेहरा उजळला. ती दारावर हात टेकून खाली वाकली आणि म्हणाली की मीटर म्हणजे काय आहे, सोनं आहे. शुक्रवारी त्याच्याकडून निघाली ती थेट घरी गेली नाही, गाडी जरा मोकळी करावी म्हणून हमरस्त्याला लागली, कॅमेऱ्यापुढून गेली.

"काटा बरुबर पन्नासावर," ती म्हणाली. "वाळूच्या दाण्याएवढा हलला न्हाई. दोन म्हयन्यात पयल्यांदा त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून गेले बग मी."

रेगनं काट्याकडं बघितलं. आता गप बसायचं म्हटलं तर, ते पाकीट आलं की ही बाई स्वतःलाच खाणार. पाय कसा पडला, डोळा कसा चुकला. आणि न आलं तर तो सुटला. पाकिटावर आपली सुटका टांगून ठेवायची, हे त्याला त्या खोल खुर्चीत बसून जमेना.

"काटा पन्नासावर व्हता," तो म्हणाला, "पर तू पंचावन्ननं चाललीवतीस."

मग त्यानं सगळं सांगितलं. खांब, मुकादम, खिडकी, खडू. आत्ता चोरून आकडा बदलला तेही सांगितलं. चॅपलची माणसं जाता-जाता मान हलवत होती, मॅविस त्यांना मान हलवून उत्तर देत होती.

"मी म्हणले वतं, फोनावर ताडून बगू," ती शेवटी म्हणाली.

"म्हणलीवतीस."

"आन् तू म्हणलास ड्रॉवरात टाक."

"म्हणलो."

"उतर खाली."

"उतरता येत न्हाई, मॅविस. पाच मिनटं झाली खटाटोप करतुया."

तिनं त्याच्याकडं बघितलं, आयरिसच्या तीनचाकीकडं बघितलं, आणि ताट त्याच्या मांडीवर आदळलं. तीनचाकी चॅपलच्या झाडूवाल्याच्या हवाली केली, रेगला ढोसून-ढोसून पलीकडच्या खुर्चीवर सरकवला, आणि गाडी काढली. आधी घरी नेली. आत जाऊन फोन आणला आणि काचेला टेकवून ठेवला. मग ब्युडलीची वाट धरली. रेग फोनावरचा आकडा बघे, काट्याचा बघे. तीस-तीस. चाळीस, फोनात एकोणचाळीस. पन्नासाच्या रस्त्याला काटा अठ्ठेचाळीसवर, फोनात अठ्ठेचाळीस. मांडीवर वाटाणे गरम लागत होते. हॉवर्डला बाहेर आणलं तेव्हा तो रेगकडं बघून तोंडाच्या चांगल्या अर्ध्या बाजूनं म्हणाला, माझ्या खुर्चीत हे कोण मुतल्यासारखं बसलंय. दोन परिचारकांनी मिळून रेगला बाहेर काढला. नवरा-बायको तासभर फिरून आले तोवर तो बाकावर बसून होता. येता-जाता हॉवर्डच्या शिव्या ऐकू येत होत्या, आणि रेगच्या मनात एकच, अजून किती रविवार.

पाकीट यायचं तर चौदा दिवसांत येतं. त्या रविवारी परत येऊन तीनचाकीपाशी सोडताना मॅविसनं सांगितलं होतं, आलं तर मी फोन करीन, तू करायचा नाही. रेगनं केला नाही. पण फोन जागोजागचे लोक करत होते, मीटर झाला का, केबल मिळेल का, आणि प्रत्येक घंटीला त्याच्या हातातलं हत्यार खाली पडत होतं. सकाळी अकराला टपालवाला यायची वेळ झाली की तो फाटकात जाऊन उभा राहायचा, जसं काही मॅविसचं पत्र त्याच्याच पेटीत पडणार आहे. टपालवाल्यानं विचारलं, लॉटरी लागायचीय का बाबा. जेवण जाईना. आयरिसनं पुरणासारखा वाटाण्याचा घट्ट काला करून दिला, तो तसाच वाळला. डॅरेन एकदा गल्लीत उभा राहून म्हणाला, खांब परत सरकवू काय? त्या दिवसांत रेगनं नवं काम घेतलं नाही. एक माणूस लांबून लाल गाडी घेऊन आला, त्याला त्यानं दारातूनच सांगितलं, माझ्या मेखा चुकल्यात, पुढल्या महिन्यात ये. असं वाक्य या घराण्यात आधी कुणी उच्चारलं नव्हतं. तो माणूस लाल गाडी वळवून निघून गेला.

नवव्या दिवशी मॅविसचा फोन आला. तिला एवढंच विचारायचं होतं, मीटरमधून काढलेल्या जुन्या सामानाची डबी कुठं ठेवलीस, हॉवर्ड मागतोय. तुझ्या नावानं फळीवर आहे, म्हणाला तो.

चौदावा दिवस शुक्रवार. अकरा वाजले, बारा, एक. फोन नाही. मग त्याला वाटायला लागलं की आलंय आणि ती सांगतच नाहीये. शनिवारची सकाळही तशीच गेली. दुपारी गल्लीत इंजिनाचा आवाज आला. हिरवी गाडी. मॅविस उतरली. तिनं फोन डॅशबोर्डावर उभा केला, हातमोजे काढले आणि गल्लीकडं बघितलं. लांबची मेख उपटलेली होती, डांबरात भोक तेवढं होतं.

"अजून ठोकली न्हाईस?"

"एकल्यानं ठोकायला भ्यालो," रेग म्हणाला. मग विचारलं, "टपाल?"

"काल येऊन गेलं, आज येऊन गेलं. इजेचं बिल आन् चष्म्याच्या दुकानाची जाहिरात." तिनं त्याच्या हातातली टेप घेतली. "धर टोक. आन् आयरिसला बी बोलीव, तिसऱ्यांदा तिला मापू दे. तुमा ट्रोमन्स लोकांवर माझा इस्वास न्हाई."

तीनदा मापलं. मॅविसचं आणि आयरिसचं एक इंचानं चुकलं, म्हणून चौथ्यांदा मापलं. रेगनं बापाची मेख नव्या जागी धरली आणि हातोडा घातला. पहिला घाव बोटावर बसला. दुसरा बरोबर. मग डॅरेनला हाक मारली, मॅविस सुकाणूवर बसली, आणि रेगनं खिशातून खडू काढून मागच्या चाकावर ठळक रेघ ओढली.

"दिवा मी मोजते," आयरिस म्हणाली, "तू चाक मोज."

गाडी हलली. रेघ वर आली, खाली गेली, वर आली. रेग वाकून शेजारून चालत होता, ओठ हलत होते. सात. आठ. नववी पुरी व्हायच्या आत चाक मेखेवर टेकलं. मेखा जागेवर होत्या तेव्हा या मापाच्या टायरला ती कधीच पुरी होत नसे.

"एकशे चाळीस," आयरिस मागून म्हणाली. "आन् एक अर्धामुर्धा लुकलुकला, त्यो धरायचा का न्हाई ते तुमी ठरवा."

रेगनं गाडीवर हात टेकला. चौदा हजार पन्नास, डब्यात होता तोच आकडा.

"आता परत मागं ढकला," तो म्हणाला. "आजून एकदा मोजू."